नालबंदाच्या मुलीचा पाय

माझ्या अक्काच्या पायात आणि आमच्या अप्पांच्या गालात एकाच महिन्यात एकच आजार निघाला. दोघांच्या कागदांवर तीच ओळ होती, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. अक्का तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, अप्पा सत्तरीला टेकलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका घरात दोघांना एकदम निघणं हा योगायोगच. मी म्हटलं, योगायोग कसला, दोन्ही या अप्पांनीच केलेत, एक स्वतःच्या तोंडात आणि एक तिच्या पायावर. बाहेरच्या बाकांवरच्या माणसांनी माना वळवल्या. हळू बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

आमचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, तीही अर्धी कानडीत बुडालेली. आजोबांपर्यंत सगळे घोड्यावर बसणारे. स्वातंत्र्यानंतर घोडदळ गेलं आणि अप्पांच्या वाट्याला घोड्याच्या पायाशी बसणं आलं. ते नालबंद झाले. टांग्यांचे घोडे, शर्यतीचे घोडे, सगळ्यांना ते नाल ठोकत. ज्याने घोड्यावर बसायचं त्याने नाल ठोकायचे, ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पचली नाही, आणि न पचलेलं ते आमच्यावर ओकत राहिले. आई मी चार वर्षांची असताना वारली. घरात उरलो आम्ही तिघं.

अक्का पळायची. नुसती पळायची नाही, शाळेतल्या मोठ्या मुलांना मागे टाकून पळायची. सकाळी एखादा घोडा फिरवून आणला की अप्पा त्याच मातीत तिला पळवत आणि कडेला उभे राहून जिभेने टक टक आवाज करत, घोडीला करावा तसा. तिला ते आवडायचं. मलाही वाटायचं, आपल्यासाठी कुणी असं टकटक करावं. पण माझी पावलं बदकाची.

चौदाव्या वर्षी लांब उडी मारताना तिचा पाय मुरगळला. घोट्याच्या वरची शीर सुजली ती सुजलीच. महिना गेला, दीड महिना गेला, ती लंगडतच राहिली, आणि जिल्ह्याच्या शाळांच्या शर्यती तोंडावर आल्या. घोडा असा लंगडायला लागला की अप्पांकडे एक जुना इलाज होता. तापलेल्या लोखंडाने दुखऱ्या जागी आडव्या रेघा ओढायच्या. आगीला आग भिडली की आतलं दुखणं बाहेर येतं, असं ते म्हणत. त्या लोखंडाला डागणी म्हणायचे. आमच्याकडे पोरांना कावीळ झाली तरी दंडावर डाग देत, तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. अक्काला वाटलं.

"अप्पा, बेडा," ती म्हणाली. बेडा म्हणजे नको. "बेडा अप्पा, बेडा, बेडा."

अंगणातल्या शेडमध्ये भाता चालू होता. ती एका पायावर उड्या मारत नळापर्यंत पळाली. अप्पांनी वेणी धरून ओढली. ती त्यांच्या मनगटाला चावली, चांगली दात रुतवून चावली. त्यांनी उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं, तशी तिच्या नाकातून रक्त आलं. मग त्यांनी घोडे बांधायच्या खांबाला तिचे हात लगामाने बांधले, दातांत चामड्याचा पट्टा दिला, आणि मला हाक मारली.

"पुट्टी, पाय धर. दोन्ही हातांनी. हलू दिलास तर तुझ्यावर ओढीन."

मी नऊ वर्षांची होते. मी पाय धरला.

पहिली रेघ सरळ आली. केस जळाल्याचा वास आला, मग मांसाचा. अक्काने केलेला आवाज माणसाचा नव्हता. दुसऱ्या रेघेला तिने सगळ्या अंगाने हिसडा दिला, माझे हात घामाने निसटले, आणि डागणी आडवी घसरून तिच्या नडगीवर सपाट बसली. अप्पांनी ती उचलली तेव्हा कातडी तिला चिकटून आली. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. तिसरी रेघ ओढायची राहिली होती, ती ओढली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे जळत होती ती, आणि पीळ होता त्यांचा.

मी का धरला, याचं उत्तर मला पाठ आहे. माझ्या स्वतःच्या पायाची भीती वाटली म्हणून. हे मी कधी लपवलं नाही. अक्काने त्यावरून मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

जखम चिघळली. चार महिने पू वाहत होता. भरली तेव्हा घोट्यापासून अर्ध्या नडगीपर्यंत ताणलेल्या चकचकीत कातडीचा पट्टा झाला आणि पाऊल नीट वाकेना. लोकांना सांगितलं, हंड्यातलं उकळतं पाणी सांडलं. बत्तीस वर्षं आम्ही तिघांनी तेच सांगितलं. अक्का पुन्हा पळाली नाही. ती कानडी शाळेत मास्तरीण झाली, लग्न केलं नाही, आणि त्याच घरात त्याच माणसाला वेळेवर जेवायला वाढत राहिली. मी मात्र पहिल्या स्थळाला हो म्हणून सरस्वतीपुरममध्ये नवऱ्याच्या घरी निघून आले. हेब्बाळच्या एका कारखान्यात मी तपासनीस होते. तयार झालेला भाग मापात बसतो का बघायचं आणि खोट निघाली की लाल डब्यात टाकायचा. कारखाना सुटला तरी तुझी ड्यूटी सुटत नाही, असं नवरा म्हणायचा.

आयुधपूजेला मी दरवर्षी माहेरी जेवायला जायची. त्या दिवशी म्हैसुरात झाडून सगळी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून त्यांना फुलं वाहतात. अप्पा कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांची हत्यारं पाटावर मांडलेली असायची. हातोडा, कानस, चिमटे, खूर तासायची सुरी. आणि डागणी. तिलाही कुंकू, तिलाही झेंडूचं फूल. दरवर्षी मी त्या पाटाकडे पाठ करून बसायची.

त्या वर्षी दारातच वास आला. उदबत्ती आणि झेंडू यांच्या खालून येणारा, उंदीर मेल्यासारखा. अक्काने साडी घोट्याच्या खालपर्यंत ओढून घेतली होती आणि चुलीपाशी उठत नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, "सुम्ने, काही नाही." मी साडी वर केली. जुन्या डागाच्या मधोमध हाताच्या तळव्याएवढी जखम होती, कडा फुलकोबीसारख्या वर आलेल्या, मधे ओलं, आणि सगळ्यावर निळसर पूड.

"हे काय घातलंय?"

"मोरचूद," अप्पा मागून म्हणाले. "जास्तीचं मांस वर आलंय. घोड्याला येतं तसं. जाळून काढलं की बसतं."

"किती दिवस?"

अक्का म्हणाली, "आठ महिने झाले असतील."

आठ महिने. सरस्वतीपुरमपासून तिचं घर मोपेडवर पंधरा मिनिटं. दर रविवारी मी अंगणातल्या अंगणात येऊन जायची, आणि दर रविवारी दोघांनी मिळून माझ्यापासून ते लपवलं होतं. "का सांगितलं नाहीस?" मी ओरडले.

"तू ओरडशील म्हणून," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अप्पा म्हणाले की मोरचुदाने नाही भागलं तर सण झाल्यावर एकदा भाता पेटवतो, पुन्हा एक डाग दिला की मुळापासून जाईल. ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की हा इलाज आहे, आणि बत्तीस वर्षांत त्यांना त्यात काही चुकलंय असं एकदाही वाटलं नव्हतं. मी पाटावरून डागणी उचलली, कुंकवा-फुलासकट, आणि परसातल्या विहिरीत फेकली. पाटाला लाथ मारली. हातोडा अप्पांच्या पायावर पडला. त्यांनी कानस उचलून माझ्या अंगावर फेकली, ती खांद्याला लागून गेली. गोडधोड तसंच राहिलं. मी अक्काला मोपेडवर मागे बसवलं आणि सुट्टीच्या दिवशी उघडं असलेलं एकच मोठं हॉस्पिटल होतं तिथे नेलं.

तिथे तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनाने चित्र काढून दाखवलं. आपल्या कातडीचा वरचा थर माशाच्या खवल्यांसारख्या चपट्या पेशींचा असतो. तोच थर तोंडाच्या आत असतो, अन्ननलिकेत असतो, गर्भाशयाच्या तोंडाशी असतो. तो कुठेही वर्षानुवर्षं दुखावत राहिला तर कधीतरी बिघडतो. तुमच्या बहिणीचा भाजल्याचा वण कधी नीट भरलाच नव्हता, म्हणाल्या, आतल्या आत तो तीस वर्षं भरायची धडपड करत होता, आणि त्यातच पेशींचा तोल गेला. मी म्हटलं, म्हणजे मार खाऊन खाऊन पेशींनी एक दिवस सुरी उचलली. बाईंना हे फारसं आवडलं नाही, पण त्या म्हणाल्या, तसं समजा.

अक्काला तिथेच बायकांच्या वॉर्डात दाखल केलं, आणि त्या मजल्यावर मी त्या चपट्या पेशींचे सगळे पत्ते पाहिले. एका विडीवाल्याच्या खालच्या ओठावर. एका फुलंवालीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी, ती रक्त जातंय म्हणून दोन वर्षं पाळीच समजत होती. एका मास्तरांच्या अन्ननलिकेत, त्यांना पेजसुद्धा उतरत नव्हती. जन्मापासून पांढऱ्या कातडीच्या एका माणसाच्या कानाच्या पाळीवर, उन्हाने. सगळ्यांना एकच आजार आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलाच वेगळा.

अक्काच्या नडगीच्या हाडापर्यंत तो गेला होता. जांघेत अजून गाठ नव्हती. गुडघ्याखाली चार बोटं ठेवून पाय काढला तर ती वाचेल, बाईंनी स्पष्ट सांगितलं, पण गाठ यायच्या आत काढायला हवा. थांबलात तर पायही जाईल आणि बाईही जाईल. म्हणजे सगळं एका सहीवर आलं होतं.

अप्पा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. ते म्हणाले, "पाय गेलेली घोडी कुणी ठेवत नाही. गोळी घालतात."

तिच्या समोर म्हणाले. वॉर्डातल्या मराठी न समजणाऱ्यांनाही ते समजलं असावं, कारण फुलंवालीने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं आता अक्का उसळेल. तिने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयतु अप्पा, बरं. घरी जाऊ."

मी तिला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. आजारी माणसाला असं हलवू नये हे मला कळतं. तिचं डोकं कॉटच्या लोखंडावर आपटलं तरी मी हलवतच होते. "मरायचंय तुला? त्यांच्यासाठी मरायचंय?" ती म्हणाली, "सोड गे. दुखतंय." नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. खाण तशी माती. अप्पांना जे जे मी नावं ठेवत आले ते सगळं माझ्या हातांत होतं, फक्त डागणी नव्हती.

अक्का सही करीना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या आणि त्यांचं लक्ष अक्काऐवजी अप्पांकडे गेलं. ते उजव्या गालावर रुमाल दाबून बसले होते. अप्पा जन्मभर कड्डीपुडी खात. ती काड्यांसकट कुटलेली तंबाखूची पूड, पानसुपारीबरोबर गालात धरून ठेवायची. बाईंनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटं आत जात नव्हती. तेव्हा मला कळलं की घरात दोन वास होते आणि दोघं एकमेकांचं लपवत होते.

तपासणीच्या खोलीत अप्पांनी अवजारांचा ट्रे लाथेने उडवला. कात्र्या, चिमटे फरशीवर खणखणले. दोन कर्मचाऱ्यांनी त्यांचे खांदे दाबून धरले आणि बाईंनी गालातला तुकडा घेतला. ते ओरडले. भूल दिलेली होती, तरी ओरडले. मी दारात उभी होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

त्यांचा रिपोर्ट सांगायला बाईंनी बोलावलं तेव्हा मी अक्काची चाकांची खुर्ची ढकलत तिलाही आत नेलं, कारण तिला वॉर्डात एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. बाईंनी सांगितलं, तोच आजार, गालात. गालाचा आतला भाग आणि खालचा उजवा जबडा काढावा लागेल. चेहरा बदलेल. बोलणं जवळजवळ जाईल. बरेच महिने नळीने खावं लागेल. विचार करून सांगा, घाई नाही.

अप्पांनी एकच विचारलं. "जगेन ना?"

"शक्यता चांगली आहे."

"मग काढा. सही कुठे करू?"

एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यांनी पेन मागितलं, बाईंनी दिलं, आणि त्यांनी पूर्वजांच्या आडनावासकट लफ्फेदार सही ठोकली. मी अक्काकडे पाहिलं. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, सही करणाऱ्या हाताकडे, जसं काही तो हात ती पहिल्यांदाच बघतेय. दुपारचं जेवण तिने केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा तिच्यासाठी इडली घेऊन आले, तेव्हा ती नर्सला म्हणाली, पेन द्या. उशीवर कागद ठेवून तिने सही केली, मास्तरणीच्या गोल अक्षरात. मग अप्पांकडे न बघता म्हणाली, "तुमची गोळी तुमच्याकडेच ठेवा अप्पा." बत्तीस वर्षांत तिने त्यांना उलट ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. इडलीचा डबा हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

शुक्रवारी तिचा पाय काढला. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, कडा स्वच्छ वाटताहेत, वेळेत आलात. मी भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा कापलेला अवयव घरच्यांच्या ताब्यात देत असत, जाळायला किंवा पुरायला. अक्काने ते आधीच सांगून ठेवलं होतं. येलवालला आमचे दहा गुंठे होते, हुणसूर रस्त्यापासून थोडे आत. तिथे पुरा. "पण आंब्याखाली नको गे," ती म्हणाली, "नाहीतर पुढे आंबा खाता येणार नाही." ऑपरेशनला नेताना ती असं म्हणाली, आणि मी हसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडात आणि मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो पाय मी रिक्षात मांडीवर घेतला. जड होता. आपल्या माणसाचा पाय एवढा जड असतो हे कुणाला माहीत असतं. अप्पा शेजारी बसले. खड्डा मीच खणणार, म्हणाले, घोडे मीच पुरलेत. त्यांचं ऑपरेशन महिन्याभराने होतं. आधी दात काढायचे होते, छाती तपासायची होती. गाल सुजून कानापर्यंत आला होता, तरी त्यांनी मला कुदळीला हात लावू दिला नाही. त्यांनी चांगला खड्डा खणला. कडा सरळ, तळ सपाट. सत्तर वर्षांचा माणूस, तोंडातून लाळ गळतेय, आणि खणतोय. त्या वेळी मला त्यांची दया येऊ लागली होती, हेही लिहायला हवं.

तळाला मीठ पसरून झालं आणि त्यांनी गाठोडं माझ्या हातातून घेतलं. खाली ठेवायच्या आधी त्यांनी ते सोडलं. मी म्हटलं, बघू नका. त्यांनी बघितलं. जखमेकडे नाही बघितलं, तिच्या कडेला जुन्या वणाचा जो भाग अजून शाबूत होता तिथे अंगठा फिरवला, घोड्याचा पाय तपासताना फिरवत तसा.

"पहिली रेघ बघ," ते म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते, पण मला प्रत्येक कळला. "सरळ आहे. हात चुकला नव्हता माझा. तू धड धरली असतीस तर एवढी जागा जळलीच नसती."

मी त्यांना मारलं. उजव्या गालावर, सुजलेल्या, तिथेच, पूर्ण हाताने. मग पुन्हा. "नऊ वर्षांची होते मी!" मी ओरडत होते, "नऊ वर्षांची! तू धरायला लावलंस मला! तू!" बापाला अरे-तुरे करायची आमच्याकडे रीत नाही. मी केलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा त्यांच्या तोंडातून रक्ताची धार सदऱ्यावर आली आणि ते खड्ड्याच्या कडेला बसले. त्यांनी हात उचलला नाही. रस्त्यावरून रिक्षावाला धावत आला आणि माझ्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला. माझ्या तळहाताला रक्त आणि लाळ लागली होती. पाय मीच खाली ठेवला आणि माती मीच लोटली. त्यांना रिक्षात मागे बसवून मी पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसून आले.

अप्पांचं ऑपरेशन झालं आणि ते त्यानंतर दीड वर्ष जगले. अक्का जयपूरचा पाय लावून शाळेत परत गेली आणि निवृत्तीपर्यंत शिकवत राहिली. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

मी हात धुऊन वॉर्डात गेले. अक्का उशीला टेकून बसली होती, कापलेल्या पायावरचं बँडेज चादरीखाली उंच दिसत होतं. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीत होती. तिने विचारलं, पुरलं का. मी सांगितलं, हो, आंब्यापासून लांब. मग मी तिच्या कॉटवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. अप्पा काय म्हणाले, मी काय केलं, कितीदा मारलं, रक्त कसं आलं, त्यांनी हात कसा उचलला नाही. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन आलेय. मी सांगताना जवळजवळ खूश होते.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यासाठी मारलंस?" तिने विचारलं.

"मग कुणासाठी?"

"तुला बोलले ते. तू नीट धरलं नाहीस म्हणाले. म्हणून मारलंस." तिचा आवाज चढत नव्हता, खाली खाली जात होता. "पाय माझा. भाजलं मला. कापलं मला. त्यांना मारायचं होतं ते मी. मला एकदा मारायचं होतं गे. बरी होऊन, उभी राहून, त्यांच्या ऑपरेशनच्या आधी, त्यांना बोलता येतंय तोवर. म्हणून तर सही केली मी. आता रक्त ओकणाऱ्या म्हाताऱ्याला मी कशी मारू? तेही तूच करून आलीस."

मी म्हटलं, अक्का. आणि तिचा हात धरायला गेले.

तिने स्टुलावरचा स्टीलचा लोटा उचलून फेकला. हातभर अंतरावरून, सगळा जोर लावून. तो माझ्या भुवईवर बसला. पाणी आणि रक्त दोन्ही डोळ्यांत गेलं. लोटा घरंगळत फुलंवालीच्या कॉटखाली गेला. मी गुडघ्यांवर बसून तो काढला, पदराने पुसला आणि परत तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फेकला.